चार तासांचें त्रैराशिक

मी व्यवसायानें शाळामास्तर. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उतरून शिक्षकी पेशांत शिरलों आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं निवृत्त होईपर्यंत मुलांना अंकगणित शिकवीत राहिलों. त्यामुळें घरांत आंकडेमोडीचें कांहीं काम निघालें, कीं तें आपोआप माझ्या वाट्याला येतें. वीजबिल असो, आयकराचा तक्ता असो, कीं लग्नाच्या खर्चाचा अंदाज असो, मंडळी कागद माझ्यापुढें सरकवितात. गेल्या वर्षीं असाच एक कागद माझ्यापुढें आला. प्रश्न वरकरणी अगदीं सोपा होता: दुपारच्या चार तासांपुरत्या मूल सांभाळायला येणाऱ्या बाईंना महिना काय द्यावें? हें उदाहरण मीं पांच मिनिटांत सोडविलें, आणि तें साफ चुकलें. तें कसें चुकलें, हाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

आधीं घरची परिस्थिति सांगतों. आम्ही पुण्यांत कोथरूडला राहतों. मुलगा सकाळीं आठला कामावर जातो, तो पांचला परततो. सुनेची पाळी दुपारची, ती एकला घर सोडते. नात तेव्हां सव्वा वर्षांची होती. एक ते पांच हा वेळ तिच्या आजीनें निभावून नेला होता; परंतु आजीच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली, आणि मला पाठीच्या दुखण्यामुळें मूल उचलून घ्यायची मनाई आहे. तेव्हां बाई पाहणें प्राप्त झालें.

ओळखीच्या एका घराकडून वारज्याच्या एक बाई भेटावयास आल्या. वय चाळिशीच्या आंतबाहेर, स्वतःचीं दोन मुलें शाळेंत जाणारीं, बोलणें मोजकें. नातीनें पहिल्याच भेटींत त्यांच्या बांगड्यांशीं खेळ मांडला, त्यामुळें घरच्या बायकांचा निर्णय झाल्यासारखाच होता. राहिला तो पगार. मीं शेजारीं चौकशी केली. पलीकडच्या इमारतींत एका घरीं सकाळीं नऊ ते संध्याकाळीं सात अशा दहा तासांसाठीं मूल सांभाळणाऱ्या बाई होत्या. त्यांना महिना १५,००० रुपये मिळत. झालें! दहा तासांस १५,०००, तर चार तासांस किती? उत्तर ६,०००. तो आंकडा मीं बाईंना सांगितला. त्या क्षणभर थांबल्या, "विचार करून सांगतें, काका," म्हणाल्या आणि गेल्या.

चार दिवस निरोप नाहीं. सुनेची रजा संपत आली. पांचव्या दिवशीं मीं स्वतः फोन केला आणि त्यांना पुन्हा एकदां येण्याची विनंति केली. या खेपेस मीं त्यांच्यासाठीं खुर्ची पुढें केली, वही उघडली, आणि म्हटलें, "माझा हिशेब तुम्हीं ऐकलांत. आतां तुमचा हिशेब तुम्ही सांगा, मी लिहून घेतों."

त्यांनीं सांगितलेला हिशेब असा. सकाळीं त्या आपल्या वस्तीजवळच्या दोन घरीं काम करतात. तें साडेअकराला आटोपतें. दुपारीं जवळच्याच आणखी दोन घरचीं भांडीं असतात, प्रत्येकीं २,००० रुपये. संध्याकाळीं पांचला एका घरीं पोळीभाजी करावयाची, तिचे ३,५०० रुपये. आमचें काम धरलें, कीं हीं तिन्ही घरें सुटतात. कारण एकला कोथरूडांत पोंचावयाचें तर सव्वाबाराला घर सोडावें लागतें, आणि पांचला येथून निघालें तर घरीं पोंचावयास पावणेसहा होतात. म्हणजे महिन्याला ७,५०० रुपयांवर पाणी सोडून त्यांनीं माझे ६,००० घ्यावे, असें माझें म्हणणें होतें! त्यांतून बसभाडें रोजचें ४० रुपये, सव्वीस दिवसांचे १,०४०, हें पुन्हा त्यांच्याच पदरचें. "चार तास तुमचे खरे, काका," त्या म्हणाल्या, "पण माझी दुपार सगळीच जाते."

मीं वहींत भागाकार केला. जाण्यायेण्याचा दीड तास धरून त्यांचे रोजचे साडेपांच तास खर्च होणार; महिन्याचे १४३. सहा हजारांतून भाडें वजा जातां उरले ४,९६०. तासाला पडले सुमारें ३५ रुपये. माझ्या कागदावर मात्र तोच दर तासाला ५८ रुपये दिसत होता. दोन्ही भागाकार बिनचूक होते.

भास्कराचार्यांच्या लीलावतींत त्रैराशिकाच्या तीन राशींना प्रमाण, फल आणि इच्छा अशीं नांवें दिलेलीं आहेत, आणि तेथें पहिलीच अट अशी आहे, कीं प्रमाण व इच्छा या दोन राशि एकाच जातीच्या असाव्या. आंब्यांवरून आंब्यांचा भाव काढावा, आंब्यांवरून फणसांचा नव्हे. ही अट मीं पस्तीस वर्षें फळ्यावर लिहिली. परंतु सलग दहा तास आणि दुपारचे सुटे चार तास हे दोन्ही 'तास'च, म्हणून ते एका जातीचे, असें मीं डोळे मिटून धरलें. तें तसें नाहीं. सलग दहा तासांच्या बाईंना जाण्यायेण्याचा वेळ व भाडें दिवसांतून एकदांच पडतें आणि तें दहा तासांवर विभागलें जातें. चार तासांच्या बाईंना तेंच ओझें चार तासांवर वाहावें लागतें. शिवाय दिवसाच्या मधोमध काढलेले चार तास मागचापुढचा वेळहि निकामी करून टाकतात. शिंपी ताग्याच्या शेवटचें कापड देतो तेव्हां बाकीचा तागा शाबूत राहतो. मधूनच तुकडा कापून मागितला, तर उरलेल्या दोन तुकड्यांचें काय करावयाचें हा प्रश्न त्याच्या गळ्यांत पडतो. तात्पर्य, येथें चालावयाचें तें व्यस्त त्रैराशिक: तास जसे कमी, तसा तासाचा दर अधिक.

यावरून एक गोष्ट निश्चित झाली. बाईंचे बुडणारे ७,५०० आणि भाड्याचे १,०४० मिळून ८,५४० रुपये, ही आमच्या पगाराची तळरेषा. तिच्या खालीं दिलें तर त्या आमच्या घरीं कमवावयास नव्हे, गमवावयास येतील. पण तळरेषा म्हणजे योग्य मोल नव्हे. मग योग्य मोल कोठून काढावें?

पुष्कळ घरीं हें मोल 'इकडे चालतें काय' यावरून ठरतें. मीहि तेंच केलें होतें. चालू भाव पाहूं नये असें माझें म्हणणें नाहीं. परंतु हा भाव कोण ठरवितो तेंहि पाहावें. एका मोठ्या सोसायटींतील रहिवाशांनीं व्हॉट्सॲपच्या गटावर घरकामाचे दर ठरवून टाकले आणि 'यापेक्षां अधिक कोणीं देऊं नये, भाव बिघडतो' अशी सूचना लावली, हें मीं स्वतः वाचलें आहे. व्यापाऱ्यांनीं एकत्र येऊन डाळीचा भाव चढविला तर आपण त्याला साठेबाजी म्हणून नांवें ठेवतों; गिऱ्हाइकांनीं एकत्र येऊन बाईंच्या श्रमाचा भाव पाडला तर त्याला शिस्त म्हणतों. याच पुण्यांत १९८० सालीं मोलकरणींनीं संप केला होता, आणि त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली. पगारी सुटी आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार या गोष्टी आज कित्येक घरांत रीतच आहे अशा समजुतीनें दिल्या जातात. त्या आपण होऊन कोणाला सुचलेल्या नाहींत, मागाव्या लागलेल्या आहेत.

कायद्याकडे पाहावें, तर महाराष्ट्रांत २००८ सालीं घरेलू कामगारांसाठीं कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याखालीं १८ ते ६० वर्षें वयाच्या कामगारांची नोंदणी होते. आपल्या घरीं येणाऱ्या बाईंची नोंदणी झालेली नसेल तर ती करून घेण्यास मदत करावी. अर्ज भरण्याचें काम सुशिक्षित घराला जड नाहीं. परंतु हा कायदा कल्याणाच्या योजनांसाठीं आहे, मूल सांभाळण्याचा तासाचा दर तो सांगत नाहीं. कर्नाटक, केरळ, तामिळनाडु, राजस्थान अशा कांहीं राज्यांनीं घरकाम किमान वेतनाच्या यादींत घातलें. पण तेथेंहि सरकारी आंकडा हा पायाचा दगड, घर नव्हे. वयाची गोष्ट निघाली म्हणून जातां जातां सांगतों: 'बाळाशीं खेळायला' म्हणून दहाबारा वर्षांची पोर गांवाहून आणून ठेवण्याची जी जुनी रीत होती, ती आतां गुन्हा आहे. घरकामांत चौदा वर्षांखालील मूल ठेवण्यास २००६ पासून बंदी आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीनें ती सर्वच धंद्यांना लागू झाली.

मला खरा उपयोग झाला तो एका जुन्या ठरावाचा. १९५७ सालीं भरलेल्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेनें किमान वेतन गरजेवरून कसें काढावें, याची पद्धत घालून दिली. कुटुंब चौघांचें धरावयाचें, पण अन्नाच्या दृष्टीनें त्याचीं परिमाणें तीन: नवरा एक, बायको ०.८, दोन मुलें प्रत्येकीं ०.६. आहारशास्त्रज्ञ डॉ. एक्रॉइड यांच्या मापानें दर परिमाणास रोज २,७०० उष्मांकांचें अन्न. कापड माणशीं वर्षाला १८ वार, म्हणजे घराला ७२ वार. मग खोलीचें भाडें; आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्च यांसाठीं एकूण वेतनाचा वीस टक्के भाग. १९९१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें यांत भर घातली, कीं मुलांचें शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपणची तरतूद यांसाठीं आणखी पंचवीस टक्के धरावे. ही यादी मला फार आवडली. कारण ती 'बाईंना किती पुरेल?' असें दूरवरून विचारीत नाहीं, डाळ-तांदूळ-कापड असें एकेक मोजून दाखविते.

हीच यादी समोर ठेवून मीं बाईंना त्यांच्या घरचा खर्च विचारला. भाडें, किराणा व दूध, गॅस व वीज, मुलांच्या फिया व वह्यापुस्तकें, सासूबाईंचीं औषधें. सर्व मिळून महिना २५,००० च्या घरांत गेलें, आणि त्यांत चैनीची म्हणावी अशी एकहि बाब मला दिसली नाहीं. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरले, तर पूर्ण कामाचे तास २०८. पंचवीस हजारांस २०८ नें भागलें असतां तासाला १२० रुपये येतात. आमचे महिन्याचे तास १०४. म्हणून गरजेच्या मापानें आमचा आंकडा १२,४८०. माझ्या पहिल्या उत्तराच्या दुपटीहून अधिक!

म्हणजे त्रैराशिकांतील प्रमाणच नव्हे, फलहि सदोष होतें. शेजारच्या बाईंचे दहा तासांचे १५,००० हेच मुळांत कमी होते; मीं त्या कमीचा चार-दशांश काढून त्याला न्याय समजत होतों.

येथें आमच्या एका स्नेह्यांनीं शंका काढली, कीं बाईंचे यजमानहि कमावते आहेत. मग सगळ्या कुटुंबाचा भार त्यांच्याच तासांवर कां टाकावा? शंका वाजवी वाटते. परंतु मी नोकरींत असतांना माझी पत्नी शिवणकाम करून चार पैसे मिळवीत असे, म्हणून माझा पगार तेवढा कापावा, असें कोणींहि कधीं सुचविलें नाहीं. १९५७ च्या परिषदेनेंहि, कमावणाऱ्याचें वेतन ठरवितांना घरांतल्या इतरांची कमाई हिशेबांत घेऊं नये, असेंच म्हटलें होतें. आणि ज्या घरांत बाईच एकट्या कमावत्या असतात, त्यांना कोणीं याच न्यायानें दुप्पट दिल्याचें मीं ऐकलें नाहीं.

दुसरी शंका घरांतच निघाली, आणि ती अधिक अवघड होती. सुनेनें आपल्या पगाराचा कागद पुढें ठेवला व म्हणाली, "बाबा, यांतून बाराएक हजार गेले, जाण्यायेण्याचा खर्च गेला, तर माझ्या नोकरीला अर्थ काय राहिला?" श्रोतेहो, मूल सांभाळण्याचा खर्च नेहमीं आईच्या पगारांतूनच कां वजा होतो, याचा आपण विचार केला आहे काय? मूल दोघांचें आहे. बाई नसतील तर सून घरीं बसेल हें आपण गृहीत धरतों, म्हणून वजाबाकी तिच्या रकान्यांत होते. मुलगा तेथेंच होता. दोघांचे पगार एकत्र मांडून त्यांतून हा आंकडा वजा केला, तेव्हां घर चालत होतें, नोकरीहि टिकत होती. शिल्लक कमी पडत होती इतकेंच. त्या वर्षीं मोटारगाडी घ्यावयाची होती, ती घेतली नाहीं.

ज्यांना इतका खर्च खरोखरच झेपत नाहीं, त्यांनीं दर पाडण्यापेक्षां तास कमी करावे, किंवा शेजारच्या एखाद्या घराशीं भागी करावी. एकाच बाईंनीं दोन घरचीं दोन मुलें एके ठिकाणीं सांभाळावीं. पण तेव्हां प्रत्येक घरानें निम्मे नव्हे, दोन-तृतीयांश द्यावे. दोन्ही घरांचा एक-तृतीयांश खर्च वांचतो आणि बाईंना दुसऱ्या मुलाबद्दल तेवढाच अधिक मिळतो. पाळणाघराची फी दाखवून मात्र बाईंशीं घासाघीस करूं नये. तेथें एका बाईंच्या हाताखालीं अनेक मुलें असतात, आणि फी त्या सर्वांत वांटली जाते. हीहि राशि वेगळ्या जातीची.

आतां कामाच्या स्वरूपाविषयीं थोडें. आपल्याकडे अशी समजूत आहे, कीं मूल सांभाळणें म्हणजे नुसतें बसणें. मूल दुपारीं दोन तास झोपतें, मग त्या दोन तासांचे पैसे कशाचे? असें विचारणारीं भलीं माणसें मला भेटलीं आहेत. रेल्वेच्या फाटकावर बसलेला माणूस गाडी नसते त्या वेळीं कांहींच करीत नाहीं. म्हणून त्याला गाडीमागें पैसे द्यावे काय? त्याचा पगार हालचालीचा नाहीं, हजेरीचा व जबाबदारीचा आहे. झोपलेलें मूल पलंगाच्या कडेला कधीं सरकेल याचा नेम नसतो, आणि त्या क्षणीं बाई तेथें असाव्या याचेच आपण पैसे मोजतों. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनें २०११ सालीं घरकामगारांसंबंधीं जो १८९ क्रमांकाचा करार संमत केला, त्यांत ही गोष्ट स्पष्ट आहे: कामगार आपला वेळ आपल्या इच्छेनुसार घालवूं शकत नाहीं व घराच्या हांकेला बांधलेला असतो, तो वेळ, देशाचा कायदा ठरवील त्या मर्यादेंत, कामाचाच धरावा. भारतानें त्या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाहीं; पण चांगली रीत घरांत आणावयास दिल्लीच्या सहीची वाट पाहावी लागत नाहीं.

याच समजुतीचें दुसरें टोंक असें, कीं मूल झोपलें म्हणजे बाई मोकळ्या, तेव्हां जरा भाजी निवडा, कपड्यांच्या घड्या घाला, बेसिनमधलीं चार भांडीं घासा. आम्हीहि पहिल्या आठवड्यांत एकदां मेथीची जुडी त्यांच्यापुढें ठेवली. त्यांनीं ती निवडून दिली, पण दुसऱ्या दिवशीं शांतपणें विचारलें, "भाजीचें ठरलेलें नव्हतें ना काका?" खरेंच ठरलेलें नव्हतें. बाळाचे कपडे, बाळाचीं भांडीं, बाळाचें खाणें हें त्यांचें काम. बाकी घराचें नव्हे. तें हवें असेल तर त्याचें वेगळें मोल ठरवावें, आणि त्या 'नको' म्हणाल्या तर रुसूं नये. भांड्यांच्या साबणानें त्यांच्या हातांच्या कातडीला भेगा पडतात, म्हणून तर त्यांना मूल सांभाळण्याचें काम हवें होतें.

सुट्यांचा प्रश्न याहून नाजूक आहे, आणि बहुतेक भांडणें येथेंच होतात. आठवड्याची एक सुटी तर हवीच. त्यांच्या आजारपणाच्या व घरच्या निकडीच्या कांहीं पगारी रजा आधींच ठरवाव्या. आम्हीं महिन्याला दोन धरल्या, आणि न घेतलेल्या पुढें जोडावयाची सवलत ठेवली. पण आपण गणपतींत कोकणांत दहा दिवस गेलों तर त्या दहा दिवसांचा पगार कापावा काय? पुष्कळ घरें कापतात. माझें मत असें, कीं कापूं नये. त्या दहा दिवसांत बाईंना दहा दिवसांपुरतें दुसरें घर मिळत नाहीं. त्यांची दुपार आपल्यासाठीं राखून ठेवलेलीच असते. आगगाडींत आपण जागा राखून ठेवली व प्रवासास गेलों नाहीं, तर रेल्वे सगळे पैसे परत करीत नाहीं, हें आपण मुकाट्यानें सोसतों.

उशिराचेंहि तसेंच. पांचला येणारा मुलगा वाहतुकींत अडकून साडेपांचला येतो, आणि बाई दारांत पिशवी घेऊन उभ्या असतात. त्यांच्या घरीं त्यांचीं मुलें शाळेतून आलेलीं असतात. 'होतें असें कधीं कधीं' म्हणून हा अर्धा तास फुकट घेण्याची आपल्याला संवय आहे. कारखान्यांत जादा तासांना दुप्पट दर देण्याचा नियम १९४८ च्या कायद्यांत होता. घराला तो नियम लागू करतांना मला कांहीं अडचण दिसली नाहीं.

अखेर ठरलें तें असें. तासाचा दर ११० रुपये, म्हणजे महिन्याचे ११,४४०. बसभाडें वेगळें १,०४०. पगार महिन्याच्या एक तारखेला त्यांच्या बँकेच्या खात्यांत. दिवाळीला एक महिन्याचा पगार. दर वर्षीं एक जूनला, महागाई पाहून, न मागतां वाढ. जादा वेळ लागल्यास तासाला २२०. काम सोडावयाचें किंवा थांबवावयाचें असल्यास दोन्ही बाजूंनीं एक महिन्याची सूचना. उचल लागली तर बिनव्याजी, फेड त्या सांगतील त्या हप्त्यांनीं. हें सर्व एका कागदावर लिहून दोघांनीं सह्या केल्या व एकेक प्रत ठेवली. पगार व भाडें मिळून बेरीज १२,४८० झाली, आणि गरजेच्या मापाशीं ती बरोबर जुळली असें पाहून मी स्वतःवर खूष झालों. सून म्हणाली, "बाबा, भाडें बसवाल्याला जातें. तें बाईंच्या घरीं पोंचत नाहीं." माझ्या मास्तरकीचा दुसरा पराभव! तासाला १२० पर्यंत आम्ही पोंचलों नाहीं, हें मी येथें कबूल करतों; येत्या जूनमध्यें तेवढें अंतर भरून काढावयाचें ठरलें आहे.

स्वयंपाकघरांतल्या दिनदर्शिकेवर जादा मिनिटें लिहून ठेवण्याचें काम बाईंकडेच दिलें आहे. पहिल्या महिन्याच्या अखेरीस तीं साडेतीन तास भरलीं. सगळीं मुलाच्या उशिराचीं. ७७० रुपये त्यानें स्वतःच्या खिशांतून दिले, आणि दुसऱ्या महिन्यापासून तो पांचला दहा कमी असतांना घरीं दिसूं लागला.